साइडस्टिकवरचा हात सरावात राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस एअरबस कंपनीने ए-३२० जातीच्या सुमारे ६,००० विमानांतील एका संगणकाचे सॉफ्टवेअर तातडीने बदलायला सांगितले, तेव्हा सर्वच वृत्तपत्रांत त्याच्या ठळक बातम्या आल्या. त्याआधी ३० ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील जेटब्लू कंपनीच्या एका विमानाचे नाक वैमानिकांनी काहीही न करता अचानक खाली गेले होते आणि काही प्रवासी जखमी झाले होते. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे त्या संगणकातील माहिती बिघडू शकते, असे कंपनीने सांगितले. बातम्या बहुतांशी नीट होत्या. परंतु त्यानंतर लोकांच्या बोलण्यातून एक समज मला सतत ऐकू येत आहे, आणि त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. तो समज असा की, या विमानांत वैमानिकाचा हात नावापुरता असतो, कोपऱ्यात खेळण्यातल्यासारखी एक दांडी असते आणि विमान खरे तर संगणकच उडवतो. मी याच जातीच्या विमानांवर अनेक वर्षे काम केले, पुढे प्रशिक्षक म्हणून इतरांना शिकवले आणि आता निवृत्त झालो आहे. हा समज प्रवाशांपुरताच असता तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण तो थोड्या वेगळ्या रूपात विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत आणि नव्याने भरती होणाऱ्या वैमानिकांच्या मनातही शिरला आहे, आणि तिथे तो धोक्याचा आहे.

ही दांडी, म्हणजे साइडस्टिक, कॅप्टनच्या डाव्या हाताशी आणि फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे को-पायलटच्या, उजव्या हाताशी, कॉकपिटच्या भिंतीलगत असते. तिची हालचाल लहान आहे: मधल्या स्थितीपासून पुढे किंवा मागे १६ अंश, डावीकडे किंवा उजवीकडे २० अंश. हात टेकण्यासाठी जो आर्मरेस्ट असतो त्याची उंची आणि कल बदलता येतो आणि त्यावर बारीक खुणा असतात. प्रत्येक वैमानिकाला आपली खूण पाठ असते, कारण कोपर किंचित वर किंवा खाली राहिले तरी मनगटाचा अंदाज बदलतो आणि तो बदल विमान उतरवताना जाणवतो. फर्स्ट ऑफिसर वर्षानुवर्षे उजव्या हाताने विमान उडवतो आणि त्याचा डावा हात इंजिनांची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर असतो. कॅप्टन झाला की तो डाव्या खुर्चीत येतो आणि दोन्ही हातांची कामे उलटी होतात. बाहेरच्या माणसाला हे फार अवघड वाटते. प्रत्यक्षात डावा हात लवकर तयार होतो, कारण या दांडीला ताकद लावायची नसते, बोटांनी हलके धरले तरी पुरते.

जुन्या विमानांत समोर मोठा योक, म्हणजे नियंत्रणाचा दांडा, असे. तो ओढला की तारा, कप्प्या आणि हायड्रॉलिक यंत्रणा यांच्यामार्फत शेपटीवरचा, विमानाचे नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर हलत असे. वेग वाढला की योक जड लागे, वेग पडला की सैल लागे, आणि प्रत्येक बदलाबरोबर ट्रिमचे चाक फिरवून हातावरचा ताण काढून टाकावा लागे. फ्लाय-बाय-वायर विमानात दांडी केवळ विजेचा संदेश पाठवते. ही कल्पना ए-३२०च्या आधीचीही आहे. काँकॉर्डमध्ये विजेच्या संदेशावर चालणारी नियंत्रणे होती आणि एफ-१६ या लढाऊ विमानात बाजूला दांडी होती. परंतु संपूर्ण डिजिटल पद्धत आणि साइडस्टिक या दोन्ही गोष्टी प्रवासी विमानात प्रथम ए-३२०नेच आणल्या. त्याचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी तुलूझ येथे झाले आणि १९८८च्या एप्रिलपासून ते प्रवासी सेवेत आले. स्वतः चाचणी वैमानिक असलेले बर्नार्ड झिगलर या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते होते आणि त्या काळी त्यांना वैमानिकांच्याच संघटनांचा मोठा विरोध सहन करावा लागला.

या विमानात दांडीचा संदेश सात संगणकांच्या गटाकडे जातो: दोन एलॅक, तीन सेक आणि दोन फॅक. नोव्हेंबरमध्ये ज्याची चर्चा झाली तो यांपैकी एलॅक, म्हणजे एलेव्हेटर आणि विमान कलवणारे पंखांवरचे आयलेरॉन सांभाळणारा संगणक. वैमानिक दांडी मागे ओढतो तेव्हा तो विमानाच्या मार्गाला किती वाक हवा, म्हणजे किती 'जी' (गुरुत्वाच्या किती पट) इतका भार हवा, हे संगणकाला सांगतो. त्यासाठी एलेव्हेटर किती वळवायचा ते संगणक ठरवतो. दांडी बाजूला नेली की वैमानिक विमानाच्या कलण्याचा वेग मागतो, जास्तीत जास्त सेकंदाला १५ अंश. दांडी सोडून मध्यावर येऊ दिली की विमान ज्या मार्गावर आहे त्याच मार्गावर राहते आणि ट्रिम आपोआप होतो. ३३ अंशांपर्यंत कललेले विमान दांडी सोडल्यावर तसेच कललेले राहते आणि वळणात नाक खाली पडू देत नाही. त्याहून जास्त कलवायचे असेल तर दांडी धरून ठेवावी लागते आणि सोडताच विमान ३३ अंशांवर परत येते. ६७ अंशांपुढे ते कलतच नाही.

या पद्धतीत खरे कसब दांडी सोडून देण्यात आहे आणि तेच शिकायला सर्वाधिक वेळ लागतो. पावसाळ्यात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून येताना, घाटकोपरच्या वस्तीवरून खाली उतरत असताना, नैर्ऋत्येचा वारा डाव्या बाजूने झोत मारत असतो. विमान हिसके खाते, एक पंख खाली जातो, नाक दोन अंश उचलले जाते. नव्या वैमानिकाचा हात अशा प्रत्येक हिसक्याला उत्तर देऊ लागतो आणि रवीने ताक घुसळावे तशी दांडी फिरू लागते. पण त्याच क्षणी संगणकही काम करत असतो. वैमानिकाने काहीच मागितलेले नाही, तेव्हा विमान आहे तसे राहायला हवे, असे धरून तो त्या हिसक्याला विरोध करू लागलेला असतो. मग वैमानिकाची दुरुस्ती आणि संगणकाची दुरुस्ती एकावर एक पडतात, पंख पलीकडे झुकतो, हात पुन्हा उलट दिशेला जातो, आणि वाऱ्याने जेवढे विमान हलवले असते त्याहून जास्त ते वैमानिकच हलवतो. मागे बसलेल्या प्रवाशांना वाटते, आज हवा फारच खराब आहे.

शिकवताना मी सांगत असे की, थोडेच मागा, दांडी मध्यावर येऊ द्या, एक श्वास थांबा, विमानाने काय केले ते पाहा आणि मगच पुढचे मागा. मात्र यावरून विमान सोडून दिले तरी चालते असे कोणी समजू नये. संगणकाला धावपट्टी कुठे आहे हे ठाऊक नसते. वाऱ्याने विमान सरकले तर सरकलेला मार्ग तो तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो, आणि ते मूळ रेषेवर आणणे हे सर्वस्वी वैमानिकाचे काम आहे. कोणता धक्का आपोआप विरून जाईल आणि कोणत्या धक्क्याने विमान खरोखर रेषेवरून ढळले आहे, हा फरक डोळ्यांनी पडद्यावर आणि काचेबाहेर पाहून ओळखावा लागतो. हाताला तो कळत नाही, कारण या दांडीत फक्त स्प्रिंग असते आणि वाऱ्याचा किंवा वेगाचा कोणताही भार ती हातापर्यंत पोहोचवत नाही. चांगल्या वैमानिकाची दांडी उतरताना फार कमी हलते. ज्यांनी हे रोज केलेले असते त्यांच्याच हाताला ते जमते.

५० फुटांवर विमानाचा स्वभाव बदलतो. संगणक त्या क्षणीचा नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून पुढच्या ८ सेकंदांत तो कोन उणे २ अंशांकडे नेऊ लागतो. हे रचनाकारांनी जाणूनबुजून ठेवले आहे. दांडी सोडली तर विमान त्याच मार्गावर राहते हा नियम तसाच ठेवला असता, तर फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतरण्याचा वेग कमी करताना, हाताला जो सवयीचा, हळुवार मागे ओढण्याचा अनुभव यायला हवा तो आला नसता. म्हणून नाक मुद्दाम किंचित खाली झुकवले जाते आणि वैमानिकाने ते सावरत सावरत चाके टेकवायची असतात. २० फुटांवर 'रिटार्ड' असा आवाज येतो आणि थ्रस्ट लिव्हर हाताने मागे ओढून आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर, आणावे लागतात. आडवा वारा असेल तर विमान वाऱ्याकडे तोंड करून तिरके आलेले असते. शेवटच्या क्षणी पायाने रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून ते धावपट्टीशी सरळ करायचे, त्याने उचलला जाणारा पंख दांडीने खाली धरायचा, आणि हे सर्व काही सेकंदांत उरकायचे. यातले एकही काम संगणक आपल्या मनाने करत नाही. ऑटोपायलट स्वतः विमान उतरवू शकतो हे खरे. परंतु त्यासाठी धावपट्टीवरची उपकरणे, विमानातली यंत्रणा आणि वाऱ्याची मर्यादा या सर्व गोष्टी जुळाव्या लागतात, आणि रोजची बहुतेक सर्व उतरणी हातानेच होतात. हे वाचकांना ठाऊक असावे.

थ्रस्ट लिव्हरचा उल्लेख आला आहे तर त्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण हाताने उडवणे म्हणजे केवळ दांडी हलवणे नव्हे. या विमानात ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना इंजिनांची शक्ती कमी-जास्त होते, पण लिव्हर मात्र क्लाइंबच्या खाचेत स्थिर राहतात. लिव्हर आपोआप पुढे-मागे होताना दिसले असते तर शक्ती किती आहे हे हाताला कळले असते. इथे ते केवळ आकड्यांवरून आणि आवाजावरून कळते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बेंगळुरूला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात कोसळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान आपल्या देशात नवे होते आणि वैमानिकही त्यावर नवे होते. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात इंजिने आयडलवरच राहिली, वेग पडत गेला आणि ते कॉकपिटमधल्या दोघांच्याही वेळीच लक्षात आले नाही. वेग फारच पडला की विमान स्वतःहून पूर्ण शक्ती मागते, अशी सोय त्यात आहे, परंतु इंजिनाला फिरकी घ्यायला काही सेकंद लागतात आणि तितकी उंची तेव्हा उरलेली नव्हती. या अपघातानंतर देशातली ए-३२० विमाने काही महिने उभी करून ठेवण्यात आली. आजही प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शिकवले जाते की, दोन्ही फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसे न्यायचे ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा, बंद केले की ऑटोथ्रस्ट वेग सांभाळू लागतो, एकच बंद केला तर तसे होत नाही. वाक्य पाठ करणे सोपे आहे. ते ऐन वेळी आठवायचे तर ते करून पाहिलेले असावे लागते.

या विमानांनी जीव वाचवले आहेत, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या ए-३२०ला पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी लगेच एपीयू, म्हणजे शेपटीतले छोटे इंजिन, चालू केले आणि नियंत्रण आपल्या हाती घेतले. एपीयूमुळे विजेचा पुरवठा टिकला आणि विमानाची सर्व संरक्षणे कायम राहिली. पंखांवरची हवा सुटून स्टॉल, म्हणजे पंखांची उचल नाहीशी, होणार नाही याची चिंता संगणकाने वाहिली आणि विमान कुठे न्यायचे, कधी नाक उचलायचे, पंख सपाट कसे ठेवायचे हे कॅप्टनच्या हाताने ठरवले. हडसन नदीत उतरलेल्या त्या विमानातील १५५ जण वाचले. माझ्या मते फ्लाय-बाय-वायरचे मर्म दाखवणारे याहून चांगले उदाहरण नाही. यंत्राने माणसाच्या हाताला कुंपण घालून दिले आणि त्या कुंपणाच्या आत काय करायचे हे एका अत्यंत सरावलेल्या माणसाने ठरवले.

परंतु हे कुंपण कायमचे नसते आणि माझ्या काळजीचे मूळ इथेच आहे. संगणकांना मिळणारी माहिती भरवशाची राहिली नाही, तर विमान नॉर्मल लॉ, म्हणजे वर सांगितलेली नेहमीची पद्धत, सोडून ऑल्टरनेट लॉ किंवा डायरेक्ट लॉ या पद्धतींवर येते. त्यात काही संरक्षणे गळून पडतात आणि दांडीचा अर्थच बदलतो. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ए-३३० विमान अटलांटिक महासागरावर ३५,००० फुटांवर असताना वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले आणि ऑटोपायलट सुटला. विमान ऑल्टरनेट लॉमध्ये आले. आता कलण्याच्या दिशेने दांडी थेट नियंत्रण पृष्ठांना आदेश देऊ लागली होती, म्हणजे नेहमीपेक्षा खूपच तिखट झाली होती. त्याच वेळी नाकाच्या दिशेने ती जवळजवळ पूर्वीसारखीच वागत होती, फक्त स्टॉलपासूनचे संरक्षण उरले नव्हते. विरळ हवेत, रात्री, ढगांत, उजवीकडच्या को-पायलटचा हात डावी-उजवीकडे मोठ्या हालचाली करू लागला आणि त्याबरोबर दांडी मागेही ओढली गेली. विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले आणि स्टॉल झाले. पुढे बहुतेक सर्व वेळ दांडी मागेच ओढलेली राहिली. ऑटोपायलट सुटल्यापासून विमान समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटे २३ सेकंद गेली आणि २२८ जणांचा अंत झाला. फ्रान्सच्या बीईए या तपास संस्थेने जुलै २०१२ मध्ये अंतिम अहवाल दिला. वेगाची माहिती भरवशाची नसताना इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचे प्रशिक्षण त्या को-पायलटांना मिळालेले नव्हते, हे त्यात स्पष्ट नमूद आहे. हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला वाचून दाखवत असे.

त्या दुर्घटनेत आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे शेजारच्या माणसाचा हात न दिसणे. योकच्या विमानात एकाने योक ओढला की दुसऱ्याच्या पोटाशी योक येतो, त्याला सांगावे लागत नाही. साइडस्टिकच्या दोन दांड्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. जमिनीवर असताना पडद्यावर एक पांढरी खूण दिसते आणि दांडी कुठे आहे ते दोघांनाही कळते. टेक-ऑफच्या धावेत सुरुवातीला दांडी अर्धी पुढे धरायची आणि वेग वाढेल तशी मध्यावर आणायची, ही क्रिया शेजारचा वैमानिक त्या खुणेवरून पाहू शकतो. विमानाने जमीन सोडली की ती खूण नाहीशी होते. त्यानंतर शेजारचा माणूस दांडी किती ओढतो आहे, हे विमान काय करते आहे त्यावरूनच ओळखायचे. प्रशिक्षक म्हणून मी उतरताना माझ्या दांडीला स्पर्श न करता बोटे तिच्या अगदी लगत ठेवून बसत असे, डोळे काचेबाहेर आणि कान शेजारच्या माणसाच्या श्वासाकडे. सर्वात कठीण निर्णय म्हणजे कोणत्या फुटावर आपण नियंत्रण घ्यायचे. लवकर घेतले तर तो शिकत नाही, उशिरा घेतले तर धावपट्टी शिकवते.

दोघांनी एकाच वेळी दांड्या हलवल्या तर संगणक दोन्ही मागण्यांची बेरीज करतो. एकाने पूर्ण मागे आणि दुसऱ्याने पूर्ण पुढे नेली तर बेरीज शून्य येते आणि विमान दोघांचेही ऐकत नाही. यावर उपाय आहे. दांडीवर लाल बटण असते, ते दाबून धरले की दुसऱ्याची दांडी निष्प्रभ होते, 'प्रायॉरिटी लेफ्ट' किंवा 'प्रायॉरिटी राइट' असा आवाज येतो आणि ज्याचे नियंत्रण गेले त्याच्यासमोर लाल बाण पेटतो. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला जाणारे इंडोनेशिया एअरएशियाचे ए-३२० जावा समुद्रात कोसळले आणि १६२ जण गेले. त्यात रडरच्या एका यंत्रणेतल्या किरकोळ बिघाडानंतर ऑटोपायलट सुटला, विमान ऑल्टरनेट लॉमध्ये आले आणि एका बाजूला जोरात कलले. शेवटच्या काळात एक दांडी मागे आणि दुसरी पुढे, अशी स्थिती नोंदली गेली आहे. बटण दोघांच्याही अंगठ्याखाली होते. ताणाच्या क्षणी अंगठा तिथे जावा यासाठी नियंत्रण तोंडाने स्पष्ट बोलून घेण्याची आणि त्याच वेळी बटण दाबण्याची सवय अंगात मुरलेली असावी लागते, आणि ती फक्त प्रत्यक्ष करून येते.

बोइंगने ७७७ हे फ्लाय-बाय-वायर विमान काढताना योक तसाच ठेवला आणि दोन्ही योक जोडलेले ठेवले. त्या निर्णयाचा मला आदर आहे. अलीकडे गल्फस्ट्रीमच्या जी-५०० सारख्या विमानांत एकमेकींशी विजेने जोडलेल्या दांड्या आल्या आहेत, त्यात एकाची दांडी हलली की दुसऱ्याचीही हलते. पुढच्या पिढीच्या प्रवासी विमानांत त्या याव्यात, असे मला मनापासून वाटते. परंतु आज आपल्या आकाशात उडणारी बहुसंख्य प्रवासी विमाने ए-३२० जातीची आहेत आणि २०२३च्या जूनमध्ये एकट्या इंडिगोने आणखी ५०० विमानांची मागणी नोंदवली आहे. म्हणजे पुढची कित्येक दशके आपले वैमानिक याच न जोडलेल्या दांड्यांवर काम करणार आहेत.

हे वैमानिक येतात कुठून? व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. ते तास छोट्या विमानांवर भरतात, त्यानंतर सिम्युलेटरवर ए-३२०चे प्रशिक्षण होते आणि मुलगा किंवा मुलगी थेट प्रवासी विमानाच्या उजव्या खुर्चीत बसते. ही मुले हुशार असतात, कार्यपद्धती त्यांना तोंडपाठ असतात आणि ऑटोपायलटची बटणे ती माझ्या पिढीपेक्षा सफाईने हाताळतात. पण रोजच्या कामात टेक-ऑफनंतर लगेच ऑटोपायलट लावला जातो आणि उतरताना धावपट्टी अगदी जवळ आल्यावर सोडला जातो. उरलेल्या थोड्या मिनिटांत जे हाती येते तेवढाच त्यांचा सराव. अनेक कॅप्टनही हाताने उडवू देत नाहीत आणि त्यांना दोष देणे मला पटत नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद कंपनीत तपासली जाते, वेग पाच नॉट जास्त का झाला याचे स्पष्टीकरण मागितले जाते, आणि ऑटोपायलट लावलेला असला तर असे प्रश्न कमी येतात. मी ज्या एका कंपनीत काम केले तिथे एका चांगल्या फर्स्ट ऑफिसरला अशा किरकोळ नोंदीवरून बोलावून घेण्यात आले. त्यानंतर तो कितीतरी महिने १,००० फुटांच्या वर ऑटोपायलट सोडायला तयार नसे. त्याची चूक मर्यादेच्या आतली होती. त्याने गमावला तो सराव मात्र मोठा होता.

अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्येच कंपन्यांना सूचना पाठवली होती की, योग्य परिस्थितीत वैमानिकांना हाताने उड्डाण करण्यास उत्तेजन द्यावे, कारण ऑटोपायलटच्या सततच्या वापराने ते कौशल्य क्षीण होते. आपल्याकडेही कंपन्यांनी आपल्या कार्यपुस्तिकेत हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे आणि डीजीसीए या आपल्या नियामक संस्थेने त्याचा पाठपुरावा करावा, अशी माझी मागणी आहे. हवा स्वच्छ असताना, गर्दी कमी असताना, दोघेही ताजेतवाने असताना, ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर आणि ऑटोथ्रस्ट बंद करून दहा हजार फुटांखालून धावपट्टीपर्यंत हाताने येणे हे नित्याचे झाले पाहिजे. नागपूरची किंवा मोपाची हिवाळ्यातली शांत सकाळ यासाठी उत्तम. मुंबईच्या संध्याकाळच्या गर्दीत किंवा जुलैच्या पावसात हा सराव करू नये, हेही तितकेच स्पष्ट लिहिलेले असावे, कारण तेव्हा शेजारच्या वैमानिकावर रेडिओचा आणि देखरेखीचा भार आधीच जास्त असतो.

उंचीवरचा सराव प्रत्यक्ष विमानात करता येत नाही. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये उंचीचे अंतर केवळ १,००० फूट ठेवलेले असते आणि त्यासाठी उंची स्वयंचलित यंत्रणेने सांभाळणे बंधनकारक आहे. म्हणून ऑल्टरनेट लॉमध्ये ३५,००० फुटांवर दांडी किती हलकी धरायची हे सिम्युलेटरमध्येच शिकावे लागते. आणि तिथे ते वर्षातून एखादे वेळी परीक्षा म्हणून घेऊन चालणार नाही. परीक्षेत माणूस उत्तीर्ण होण्यासाठी उडवतो. सिम्युलेटरच्या प्रत्येक सत्रात थोडा वेळ गुण न देता, शेरा न लिहिता, फक्त हाताला त्या तिखट दांडीची ओळख व्हावी म्हणून राखून ठेवावा. डायरेक्ट लॉमध्ये विमान उतरवणे, ट्रिमचे चाक स्वतः फिरवणे, आणि शेजारच्याकडून नियंत्रण बटणासह काढून घेणे, या तिन्ही गोष्टी त्यात याव्यात. सिम्युलेटरचा तास महाग असतो हे मला माहीत आहे. कंपन्यांच्या हिशेबात तो खर्च म्हणून दिसतो आणि त्याचा फायदा कोणत्याही रकान्यात दिसत नाही, त्यामुळे नियामकाने तो सक्तीचा केल्याशिवाय तो मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उड्डाणाच्या नोंदी तपासणाऱ्या विभागांनाही एक विनंती आहे. हाताने केलेल्या अप्रोचची, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याची, नोंद वेगळी ओळखता येते. मर्यादेच्या आत राहून ज्याने हाताने उडवले त्याच्या छोट्या चढउतारांवर खुलासा मागवू नये. मागवायचाच असेल तर तो महिनोन्महिने एकदाही लवकर ऑटोपायलट न सोडणाऱ्या वैमानिकाकडे मागवावा आणि त्याला सरावाची संधी द्यावी. कॅप्टनने ब्रीफिंगमध्ये 'आजचा अप्रोच तू हाताने कर, मी लक्ष ठेवतो' असे शेजारच्या मुलाला सांगितले, तर त्या कॅप्टनला आपल्या वार्षिक अहवालाची धास्ती वाटू नये, एवढी व्यवस्था प्रत्येक कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला याच वर्षी करता येण्यासारखी आहे.

आपला,
एक निवृत्त वैमानिक व प्रशिक्षक
पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)